खिळ्यावरचा पट्टा

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीत एक खिळा आहे. तो माझ्या भावाने, दादाने, स्वतःच्या हाताने ठोकला आणि ठोकताना म्हणाला, "आता मला कोणी काही विचारायचं नाही." त्या खिळ्यावर दादाचा दुखऱ्या कमरेला बांधायचा पट्टा असतो. पट्टा खिळ्यावर दिसला की दिवस चांगला, दादाला त्याची गरज नाही. खिळा रिकामा दिसला की पट्टा दादाच्या कमरेला आहे, दिवस वाईट आहे आणि बाकीच्यांनी आपापलं तोंड आवरायचं. घरात माणसं तीनच. दादा, वहिनी आणि मी. तिघांनाही ही पद्धत एका दमात पटली. आमच्या घरात तिघांना एकदम पटलेली गोष्ट आजवर कधी धड निघालेली नाही, पण तेव्हा ते माझ्या डोक्यात आलं नाही.

पट्ट्याची गोष्ट सांगण्याआधी दादा सांगायला हवा. त्याचा धंदा बसण्याचा, आणि त्याला बसता येत नाही. हे ऐकून लोक हसतात. सुरुवातीला दादाही हसायचा.

घराच्या खालीच आमचं दुकान. लोकांच्या खचलेल्या खुर्च्या, पोट बाहेर आलेले सोफे आमच्याकडे येतात. दादा जुनं कापड उसवतो, गंजलेले खिळे उपटतो, सैल स्प्रिंगा सुतळीने पुन्हा आवळतो, वर काथ्या, फोम आणि शेवटी नवं कापड चढवतो. कापायचं आणि शिवायचं काम माझं. म्हणून तो मला 'कात्री' म्हणतो. कापड सोडून मी माणसंही कापते, असं त्याचं म्हणणं आहे. सोफ्याच्या पोटातून काय निघेल सांगता येत नाही. कंगवे, चाव्या, पत्त्यातली राणी. एकदा कवळी निघाली. तिचा मालक वर्षभर सुनेवर संशय घेऊन बसला होता. कवळी परत मिळाल्यावर तो आमच्यावरच चिडला, कारण आता सुनेची माफी मागायची वेळ आली होती.

दादाचा एक नियम होता. स्वतः बसून बघितल्याशिवाय खुर्ची दुकानाबाहेर सोडायची नाही. नुसतं टेकून उठायचं नाही, चहा संपेपर्यंत बसायचं. तो म्हणायचा, "पहिल्या मिनिटाला कुठलीही खुर्ची चांगलीच असते. खुर्चीचं खरं काय ते कप रिकामा झाल्यावर कळतं." मग तो कप खाली ठेवून म्हणायचा, "उजवीकडे टोचते," आणि सगळं पुन्हा उसवायचा. मला वेड लागायची पाळी यायची, पण गिऱ्हाईक लांबून लांबून येत होतं ते याचसाठी.

आता ते काम मी करते. दादा समोर उभा राहतो, मी कप घेऊन बसते आणि मग सांगते, कुठे टोचतं, कुठे खचतं. या घरातली पगारी बसणारी मी. दादा दिवसभर दुकानात उभा असतो, म्हणून रस्त्यावरचे लोक त्याला 'खांबराव' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तोही ओ देतो.

काय झालं होतं, असं सगळे विचारतात. सोफा उचलताना का? जिन्यावरून पडला का? काही झालं नव्हतं. आयुष्यभर लोकांचे सोफे पाठीवरून वाहणारा माणूस एका सकाळी चपलेचा बंद लावायला वाकला आणि तसाच राहिला. कमरेपासून डाव्या टाचेपर्यंत कोणीतरी गरम सळई घातल्यासारखं झालं, असं तो म्हणाला. चपलेने पाडलेला माणूस म्हणून आम्ही त्याची चेष्टा केली. आठवड्यात बरा होईल, असंच वाटलं होतं सगळ्यांना.

आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. आमच्याकडे हत्ती आला आणि त्याने बिऱ्हाडच थाटलं. एका डॉक्टरने फोटो बघून सांगितलं, मणक्यात नस दबली आहे. दुसऱ्याने तोच फोटो उजेडात धरला आणि म्हणाला, या वयात निम्म्या जगाचा मणका असाच दिसतो. तिसरा म्हणाला, ऑपरेशन करू, बरं वाटेल किंवा जास्त बिघडेल. चौथ्याने विचारलं, घरात काही ताण आहे का? दादाने माझ्याकडे बोट दाखवलं. पट्टा या चौथ्यानेच दिला. औषधं झाली, शेक झाले, व्यायाम झाले, सुया झाल्या. कशाने महिना बरा गेला, कशाने पंधरवडा, आणि मग दुखणं परत आलं, चावी स्वतःकडे असलेल्या भाडेकरूसारखं.

सल्ला देणाऱ्यांना तर ऊतच आला. गिऱ्हाईक खुर्ची दुरुस्तीला आणायचं आणि दादाची पाठ दुरुस्त करून जायचं. कोणी म्हणे जमिनीवर झोपा, कोणी म्हणे जमिनीवर अजिबात झोपू नका. कोणाचे काका एका पानाच्या रसाने धावायला लागले होते. ते काका आम्हाला कोणी कधी दाखवले नाहीत. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे सगळ्यांना पाठ असतं. तरी दुसऱ्याच्या जळण्यावर फुंकर घालायचा मोह कोणाला आवरत नाही.

आणि वर तो प्रश्न. "आज कसं आहे?" वहिनी सकाळी विचारायची, मी जिन्यात विचारायचे, दूधवाला दारात विचारायचा. वाईट आहे म्हटलं की समोरच्याचं तोंड पडायचं आणि दादालाच त्याची समजूत घालावी लागायची. बरं आहे म्हटलं की लोक खूश व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी तो आडवा दिसला की त्यांना फसवल्यासारखं वाटायचं. शेवटी दुकानात त्याने एक युक्ती काढली. आमच्या धंद्यात कारागीर बारीक खिळे तोंडात धरतात आणि एकेक जिभेने पुढे काढून ठोकतात. दादा वाईट दिवशी काम नसलं तरी तोंडात खिळे धरून उभा राहायचा. खिळ्यांनी तोंड भरलेल्या माणसाला कोण काय विचारणार? घरी मात्र खिळे तोंडात धरून जेवता येत नाही. तिथे त्याने तो चौकटीतला खिळा ठोकला.

सुरुवातीचे काही महिने मजेत गेले. सकाळी उठून आम्ही दोघी आधी खिळा बघायचो, मग तोंड धुवायचो. खिळा रिकामा असला की वहिनी चहा दादाच्या बिछान्याशी ठेवायची, आणि मी दुकानात बाहेरची कामं घ्यायचे नाही. अशा दिवशी दादा कामाच्या खोलीत दोन सोफ्यांच्या मधे फरशीवर पडून राहायचा आणि तिथून मला हुकूम सोडायचा. गिऱ्हाईक आलं की मी म्हणायचे, "खाली बोला." ते बिचारं वाकून फरशीशी भाव ठरवायचं.

पट्टा खिळ्यावर असला की मात्र घराला पंख फुटायचे. अडकलेली खिडकी, गळणारा नळ, पाहुण्यांकडे जायचं राहिलेलं, मावशीचं कपाट या भिंतीचं त्या भिंतीला. चांगला दिवस म्हणजे साठलेल्या सगळ्या दिवसांची वसुली. एका चांगल्या दिवशी आम्ही त्याला एका लग्नाला नेलं. तिथे तो सगळ्यांशी हसून बोलला, खुर्च्या मांडायलाही लागला, आणि त्यानंतर तीन आठवडे त्याला कूस बदलायला माणूस लागलं. लग्नात भेटलेले लोक म्हणाले, "त्या दिवशी तर अगदी ठणठणीत होते." मीही मनातून तेच म्हणत होते. खोटं कशाला बोलू, आठ वर्षं एकच दुखणं बघितलं की दया आटते आणि राग तिची जागा घेतो. दुखण्यावर रागवता येत नाही, म्हणून माणसावर रागवायचं.

आता वहिनी. वहिनी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढते. तिचा हात इतका हलका की लहान मुलं सुई टोचल्यावर विचारतात, कधी टोचणार? ती बोलते कमी. मी दोघींच्या वाटचं बोलून घेते, म्हणून आमचं नणंद-भावजयीचं बरं चाललंय. एकदा मी तिला विचारलं होतं, खरं दुखतंय की माणूस नाटक करतोय, हे कसं ओळखतेस? ती म्हणाली, "तोंडाकडे बघायचंच नाही. तोंड काहीही बोलतं. पायाची बोटं बघायची. ती आत वळली की समजायचं." मी हसले होते. वाईट दिवस फारच वाईट झाला तर दादाला सुई द्यायचं कामही तिचंच. मला सुई नुसती दिसली तरी दरदरून घाम फुटतो.

तर या वहिनीला प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं, नवीन यंत्रं येणार आहेत, ती शिकायला एकीला दुसऱ्या शहरात आठ महिने पाठवायचं आहे. परत आली की तो सगळा विभाग तिच्या हाताखाली. पुढच्या वर्षी तिचं वय अटीबाहेर जाणार होतं, म्हणजे आता नाही तर कधीच नाही. उत्तर शुक्रवारी द्यायचं होतं.

वहिनीने हे रविवारी जेवताना सांगितलं, मीठ पुढे कर म्हटल्यासारखं. आपल्याला जायचं आहे असं ती म्हणाली नाही, पण तिचे कान लाल झाले होते. लग्न झाल्यापासून तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट होती, आणि तीही तिने मागितली नव्हती, नुसती ताटाशेजारी ठेवली होती. दादा भिंतीला टेकून उभ्याने जेवत होता. तो म्हणाला, "जा की." वहिनी म्हणाली, "बघू. हा आठवडा कसा जातो बघू." म्हणजे काय ते तिघांनाही कळलं. आठवडाभर पट्टा खिळ्यावर राहिला तर ती जाणार. नाही राहिला तर आठ महिने सुई कोण देणार? ती माझ्याकडे बघत होती, आणि मी ताटाकडे.

सोमवारी पट्टा खिळ्यावर होता. वहिनीने संध्याकाळी माळ्यावरून बॅग काढली, पुसली आणि पलंगावर उघडी ठेवली. नुसतं झुरळं झालीत का बघतेय, म्हणाली. मंगळवारी खिळा रिकामा. बुधवारी रिकामा. गुरुवारी रिकामा. गुरुवारी सकाळी वहिनीने बॅग बंद करून परत माळ्यावर टाकली आणि कामाला गेली. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "चालतं गं." त्या 'चालतं'ने मला दिवसभर काही सुचलं नाही.

दुपारी मी कापड आणायला बाजारात गेले. आमच्या नेहमीच्या कापडवाल्याच्या घरी कोणीतरी वारलं होतं, दुकान बंद. मी लवकर परतले. कामाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, आणि आत दादा बसला होता.

बसला होता. एका दंतवैद्याची हातांची मोठी खुर्ची आम्ही नुकतीच पूर्ण केली होती, तिच्यात पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर सोडून, खिडकीबाहेरची माणसं बघत बसला होता. पट्टा माझ्या शिलाईयंत्रावर पडला होता. शेजारी चहाचा कप होता, तळापर्यंत रिकामा. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. कितीतरी वर्षांनी मी त्या चेहऱ्यावर काहीच नसलेलं बघत होते. एका क्षणापुरतं मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं असतं. मग मला माळ्यावरची बॅग आठवली.

"कधीपासून?" मी विचारलं.

तो दचकला, पण उठला नाही. "काय कधीपासून?"

"दादा, मी कात्री आहे, विसरू नकोस. कधीपासून बरं आहे?"

"सोमवारपासून."

मी कापडाची पिशवी जमिनीवर आपटली. रिकामी होती, त्यामुळे आवाज झाला नाही, आणि मला आणखीच राग आला. "आणि तीन दिवस तू पट्टा बांधून कण्हतोयस? तिने सकाळी बॅग परत वर टाकली, बघितलंस ना तू?"

"बघितलं."

"याआधीही केलंयस असं?"

"करतो मधूनमधून." तो शांतपणे म्हणाला. "वाईट दिवशी दुखणं माझं मालक असतं. चांगल्या दिवशी तुम्ही असता. मला माझा एखादा दिवस नको का? पट्टा खिळ्यावर टांगला की संध्याकाळपर्यंत मी विकला गेलेला असतो. म्हणून कधीकधी बांधून ठेवतो आणि इथे येऊन बसतो. काही करत नाही. नुसता बसतो."

मावशीचं कपाट सरकवायला त्याला मीच बोलावलं होतं. पण राग एकदा निघाला की त्याला परत फिरायची सवय नसते, निदान माझ्या रागाला. "ते इतर वेळी. या आठवड्यात? या आठवड्यातही तुला बसायचंच होतं?"

त्याने रिकामा कप उचलून परत ठेवला. मग म्हणाला, "सोमवारी ती बॅग पुसत होती. गुणगुणत होती. मला भीती वाटली."

"ती जाईल याची?"

"ती खिळ्याकडे बघून जाईल याची. पट्टा दिसला म्हणून ती गेली, आणि चौथ्या दिवशी मी आडवा झालो, तर? ती तिकडचं अर्धवट टाकून परत येईल. तिचा स्वभाव माहीत आहे ना तुला. मग आयुष्यभर मी तिला ओढून परत आणलेला माणूस. त्यापेक्षा न गेलेलीच बरी." त्याने खुर्चीच्या हातावरून हात फिरवला. "चांगला दिवस म्हणजे काही बरं होणं नाही गं. मला उद्याचं सांगता येत नाही. संध्याकाळचं सांगता येत नाही. आणि तुम्ही लोक एका पट्ट्यावर आठ महिने टांगता."

"तू भित्रा आहेस, दादा."

"हो."

तो भांडला असता तर बरं झालं असतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे हा माणूस खुर्चीत बसलेला. मी म्हटलं, संध्याकाळी मी वहिनीला सांगणार. तो म्हणाला, सांग. मग म्हणाला, "नको. उद्या सकाळी मीच सांगतो. पट्टा टांगतो आणि सांगतो. तू मधे पडू नकोस." मी कबूल केलं. तो उठला, पट्टा बांधला, तोंडात खिळे भरले आणि संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलला नाही.

शुक्रवारी मी उठून स्वयंपाकघरात आले तर पट्टा खिळ्यावर होता. मला हायसं वाटलं. दादा टेबलाशी होता. दाढी केलेली, केस विंचरलेले, इस्त्रीचा सदरा, आणि स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीत बसलेला. त्या खुर्चीत तो कधी बसायचा हे मी विसरूनच गेले होते. समोर चहा होता. मी काहीतरी चेष्टा करायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने कप उचलला. दोन्ही हातांनी उचलला. त्याच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते, आणि मान अशी ताठ होती की जणू डोक्यावर भरलेली घागर आहे.

आज खरंच आलं होतं. तीन दिवस खोटं बांधलं, आणि चौथ्या दिवशी खरं आलं. दुखण्याला कोणाचा हिशोब नसतो, हे मला माहीत आहे, तरी त्या क्षणी मला वाटलं की ते दाराआड उभं राहून आमचं ऐकत होतं. मी पट्ट्याकडे हात केला. दादाने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी हात खाली घेतला आणि भांड्यांकडे तोंड करून उभी राहिले.

वहिनी आली. तिने आधी खिळा बघितला. मग त्याला बघितलं.

"बसलात?"

"हो," दादा म्हणाला. त्याचा आवाज छान होता. इतका छान आवाज त्याने कुठून आणला कोण जाणे. "बरं आहे. खरं सांगायचं तर सोमवारपासून बरं होतं. काल, परवा, तेरवा, तिन्ही दिवस. पट्टा उगाच बांधला होता मी."

"का?"

"भ्यायलो. तू जाशील, मग मी पडेन, मग तू परत येशील. असलं सगळं." तो थांबला आणि सावकाश श्वास घेतला. "ते चुकलं माझं. आज पट्टा तिथे आहे, बघ. तू जा. आज हो म्हणून सांग त्यांना."

वहिनीने स्वतःचा चहा ओतला आणि त्याच्यासमोर बसली. मला किंचाळावंसं वाटत होतं, पी लवकर, आणि जा. पण ती गरम चहा पीत नाही, तिला तो कोमट लागतो. ती बशीत ओतून पीत राहिली, आणि दादा त्या लाकडी खुर्चीत बसून राहिला. मधे त्याने तिला विचारलं, तिकडे थंडी असते का, गरम कपडे घेतलेस का? माळ्यावर टाकलेल्या बॅगेत कपडे कुठून असणार? पण ती म्हणाली, घेईन. मी एकच पातेलं चार वेळा विसळलं.

चहा संपला. वहिनी उठली आणि बूट घालायला टेबलाशी वाकली. बंद बांधून झाले तरी ती वाकलेलीच राहिली. मग मीही खाली बघितलं. टेबलाखाली दादाचे अनवाणी पाय होते, आणि त्यांची बोटं इतकी आत वळली होती की नखं फरशीवर पांढरी पडली होती.

मान सरळ ठेवून, छान आवाजात, दादा वर अजून थंडीबद्दलच बोलत होता.

वहिनी उभी राहिली. खिळ्याशी गेली, पट्टा काढला आणि त्याच्या मागे येऊन उभी राहिली. "जरा पुढे व्हा," ती म्हणाली. तो पुढे झाला, म्हणजे प्रयत्न केला. तिने दोन्ही बाजूंनी पट्टा आणला, नेहमीपेक्षा दोन बोटं खाली ठेवला आणि घट्ट आवळला. "तुम्ही फार वर बांधता," ती म्हणाली. "खाली लागतो."

दादाचा चेहरा पडला. सगळी दाढी, सगळी इस्त्री उतरली. "म्हणजे त्यांना हो नाही सांगणार," तो म्हणाला.

"सांगते की. हो म्हणून सांगते."

"आणि हे? हे दिसतंय ना तुला?"

"दिसतंय." तिने पर्स खांद्याला लावली. तिचे कान लाल झाले होते. "चांगल्या दिवशी कोणीही जा म्हणतं. तुम्ही दुखत असताना म्हणालात. मग जाते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तुला संध्याकाळपासून सुई शिकवणार आहे मी. घाम फुटला तर फुटू दे." आणि ती गेली. जिन्यावरून तिचे बूट वाजत खाली गेले, भराभर, मुलीसारखे.

आम्ही दोघं ते ऐकत राहिलो. मग रस्त्याचे आवाज राहिले.

"कात्रे," दादा म्हणाला, "मला उठता येत नाहीये."

मी त्याच्या काखेत हात घातले. तो ओरडला. मी सोडलं. पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं. खुर्चीतून फरशीवर उतरवावा तर तेवढीही जागा नव्हती, टेबल भिंतीला टेकलेलं. तो त्या खुर्चीत अडकला होता, मी त्याच्या पाठीशी अडकले होते, आणि असे आठ महिने समोर होते. मला वहिनीचा हेवा वाटला, तिचा राग आला आणि अभिमानही वाटला, सगळं एकदमच. काय करावं कळेना, म्हणून मी तिच्या रिकाम्या खुर्चीत बसले.

"सुई देशील ना गं?" त्याने विचारलं.

"देईन. तू बेशुद्ध पडायचं नाही, ते काम माझं."

तो हसायला गेला आणि हसणंही कमरेत गेलं. डोळे मिटून, टेबलाची कड धरून, दुखणं जरा सैल व्हायची तो वाट बघत राहिला. मीही बघत राहिले. खाली कोणीतरी दुकानाचं दार ठोकत होतं, बहुतेक दंतवैद्य, खुर्ची न्यायला आला असावा. कोणीच ओ दिली नाही.

बऱ्याच वेळाने दादाने डोळे उघडले. त्याच्यापुढचा कप कधीचाच रिकामा होता.

"ही खुर्ची," तो म्हणाला, "उजवीकडे टोचते."

मी म्हटलं, "उसवू आपण."